शिकारीच्या रायफलची नळी किती वेळा साफ करावी?

आधी उत्तर, मग कारणं.

रायफल भिजली असेल किंवा दमट हवेत दिवसभर फिरली असेल, तर गोळी सुटलेली असो वा नसो, त्याच संध्याकाळी नळी कोरडी करून तेलाचा हात द्यायचा. काळी दारू किंवा जुनी लष्करी काडतुसं वापरली असतील तर त्याच दिवशी सफाई करायची, आणि तीही पाण्याने. आजची नेहमीची काडतुसं आणि कोरडी हवा असेल तेव्हा मात्र नळी आतून अगदी कोरी करण्याची घाई करायची नाही. नेम ढळायला लागला किंवा हंगाम संपला की मग करायची. आणि शिकारीला निघण्याच्या आदल्या रात्री तर मुळीच नाही.

हे शेवटचं नवख्याला उलटं वाटतं. मोठ्या दिवसाआधी हत्यार लख्ख करून ठेवावं असं कुणालाही वाटणारच. पण शिकारीत हिशेब असतो तो पहिल्या गोळीचा, थंड नळीतून सुटलेल्या. कोऱ्या किंवा तेलकट नळीतून सुटणारी पहिली गोळी बऱ्याच रायफलींमध्ये पुढच्या गोळ्यांच्या जागेपासून जरा बाजूला लागते. किती बाजूला, ते प्रत्येक रायफलचं वेगळं. निशाणाच्या कागदावर हा फरक कळला तर काही बिघडत नाही. जनावरावर कळला तर ते जखमी होऊन निघून जातं.

म्हणून "किती वेळा" हा खरं तर एक प्रश्न नाही. गंजापासून बचाव हा एक आणि नळीत साचलेला थर काढणं हा दुसरा. पहिल्यात आळस चालत नाही, दुसऱ्यात उत्साह नडतो. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि मग "प्रत्येक गोळीनंतर" म्हणणारा आणि "वर्षानुवर्षं हात लावला नाही" म्हणणारा यांचं भांडण कधी मिटत नाही.

नळीत साचतं काय

सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे काजळी. धूररहित दारू फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये तयार केली. तिच्याआधीच्या काळ्या दारूच्या मानाने तिची घाण अगदीच थोडी. तरी जळलेल्या दारूचा कार्बन नळीत बसतोच. ताजा असताना तो मऊ असतो आणि चिंधीवर सहज येतो. त्यावरून गोळीमागून गोळी गेली, उष्णता आणि दाब बसत गेला की तो कडक होतो. चेंबर (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) संपून आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा) सुरू होतात तिथे तर त्याचं कडंच तयार होतं, आणि ते नुसत्या ओल्या चिंधीने हलत नाही.

दुसरं तांबं. शिकारीच्या बहुतेक गोळ्यांना वरून तांब्याचं कवच असतं. ते तांबं आणि जस्ताच्या मिश्रणाचं, साधारण ९५ ला ५ किंवा ९० ला १० या प्रमाणातलं. नळीतल्या आट्यांचे उंचवटे जेमतेम ०.१ मिलिमीटर उंच असतात. गोळी त्यांच्यात रुतून सेकंदाला ८०० मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने बाहेर पडते, आणि जाताना तांब्याचा पुसट लेप मागे ठेवते. पहिल्या काही गोळ्यांत हा लेप बसतो, आतले बारीक ओरखडे भरून निघतात, आणि मग बराच काळ त्यात फारसा फरक पडत नाही. बहुतेक शिकारी रायफली याच मधल्या काळात सगळ्यात सरळ मारतात. म्हणजे ज्याला आपण घाण म्हणतो त्यातली थोडी नळीला हवीच असते. पुढे थर फार वाढला की गोळ्या विखरायला लागतात.

हा थर किती लवकर वाढतो ते नळीच्या आतल्या घडणीवर ठरतं. हाताने घासून गुळगुळीत केलेल्या नळीत तांबं कमी धरतं, कारखान्यातून खरबरीत निघालेल्या नळीत भराभर. शिसं नसलेल्या, पूर्ण तांब्याच्या गोळ्या साधारणपणे जास्त लेप सोडतात. त्यांच्या अंगावर आडव्या खाचा असतात त्यामागचं एक कारण हेच. खाचांमुळे नळीला घासणारा भाग कमी होतो.

तिसरी गोष्ट ओल. नळी स्टेनलेसची आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नळ्यांसाठी वापरलं जाणारं ४१६ जातीचं स्टील कापायला सोपं जावं म्हणून त्यात गंधक घातलेलं असतं आणि क्रोमियम १२ ते १४ टक्के. भांड्यांच्या ३०४ स्टीलमध्ये तेच १८ टक्क्यांच्या आसपास असतं. ४१६ उशिरा गंजतं एवढंच, पण गंजतं.

चौथी गोष्ट मीठ, आणि ही फक्त काही काडतुसांत. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत, म्हणजे दारूला ठिणगी देणाऱ्या बुडाच्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे जेवणातल्या मिठाचाच भाऊ. हवेतली ओल ते शोषून घेतं, आणि दमट हवेत एका रात्रीत नळी तांबूस दिसायला लागते. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा टोप्या सोडल्या. पूर्व युरोपात त्या पुढेही बनत राहिल्या, आणि ती काडतुसं स्वस्त म्हणून आजही सरावाला वापरली जातात. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. तेव्हा आधी गरम पाणी, मग कोरडं करणं, मग नेहमीची सफाई आणि तेल. काहीजण काच पुसायचा अमोनियाचा फवारा मारून "आम्ल मारलं" म्हणतात. मीठ हे आम्ल नाही. त्या फवाऱ्यात काम करतं ते पाणीच.

मग कधी आणि किती

आजची काडतुसं वापरणारा शिकारी वर्षभरात किती गोळ्या झाडतो? हंगामाआधी स्कोप (नेम धरायची दुर्बीण) तपासायला डझन-दीड डझन, आणि हंगामात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या. अशा माणसाला तांबं काढणारी पूर्ण सफाई वर्षातून एकदा, हंगाम संपल्यावर, भरपूर झाली. जो सरावाला नियमित जातो त्याने आपल्या रायफलचा आकडा शोधून काढावा. काही नळ्या पन्नासेक गोळ्यांनंतर कुरकुरायला लागतात, काही दोनशेनंतरही तक्रार करत नाहीत. कुणा दुसऱ्याचा आकडा तुमच्या नळीला लागू पडेल असं धरून चालू नका, अगदी तीच कंपनी आणि तोच नमुना असला तरी.

आकडा शोधायची रीत साधी आहे. टेकू घेऊन, १०० मीटरवर, एकाच प्रकारच्या काडतुसांनी तीन किंवा पाच गोळ्यांचे ग्रुप मारायचे. ग्रुप म्हणजे एकाच जागी नेम धरून झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका. नळी पूर्ण साफ केल्यापासून झाडलेल्या गोळ्यांचा हिशेब ठेवायचा. ग्रुप नेहमीपेक्षा दीडपट झाला, आणि पुढच्या वेळीही तसाच आला, की नळी सफाई मागते आहे. एकदाच मोठा आला तर त्यावरून काहीच ठरत नाही. वारा होता, खांदा दुखत होता, झोप कमी झाली होती, अशी शंभर कारणं असतात.

आणि सॉल्व्हंटची, म्हणजे घाण विरघळवणाऱ्या द्रवाची, बाटली उघडण्याआधी पेचकस घ्या. स्कोपच्या कड्यांचे स्क्रू, स्कोपच्या बैठकीचे स्क्रू, आणि दस्ता धरून ठेवणारे खालचे स्क्रू. यातला एक सैल असला तरी ग्रुप फिसकटतो, आणि मालक बिचारा नळी घासत बसतो. माझ्या मते "नळी घाण झाली" या निदानांपैकी बरीचशी खरी तर सैल स्क्रूची असतात.

जास्त सफाईने काय बिघडतं हाही प्रश्न येतो. नुसत्या चिंधीने काही नाही. पण चिंधी किंवा ब्रश नळीत ढकलायचा गज वाकून नळीच्या भिंतीला घासत असेल, त्यावर वाळूचे कण चिकटले असतील, किंवा तो नळीच्या तोंडावर रेटला जात असेल, तर झीज होते. तोंडाची आतली कड, जिला क्राउन म्हणतात, ही गोळीला शेवटचा स्पर्श करणारी जागा. ती एका बाजूने झिजली की गोळीमागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला बाहेर पडतानाच धक्का बसतो. मग नळी आतून आरशासारखी असली तरी उपयोग नाही.

काय काय लागतं

गज अखंड घ्या. तुकडे जोडून होणारा गज सांध्यांपाशी वाकतो आणि त्या सांध्यांच्या कडा आट्यांना लागतात. लेप दिलेला स्टीलचा किंवा कार्बन फायबरचा अखंड गज महाग पडतो, पण तो एकदाच घ्यावा लागतो. मूठ अशी हवी की गज आट्यांबरोबर आपोआप फिरेल. फिरला नाही तर ब्रश आट्यांवरून आडवा घसरतो आणि सफाई वरवरची होते.

बोअर गाइड ही वस्तू नवखे टाळतात, कारण दिसायला ती नुसती प्लास्टिकची नळी. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) काढून त्याच्या जागी ती बसवली की गज नळीच्या मध्यातून सरळ जातो आणि सॉल्व्हंट चापाच्या यंत्रणेत उतरत नाही. गजानंतर पैसे खर्च करायचे असतील तर इथे करा.

याशिवाय तुमच्या कॅलिबरचा (नळीच्या आतल्या मापाचा) जॅग, म्हणजे चिंधी धरणारं गजाचं टोक, एक ब्रॉन्झचा ब्रश, एक नायलॉनचा ब्रश, चेंबरसाठी वेगळा जाड ब्रश, आणि सुती चिंध्या. चिंधी जॅगवर बसवल्यावर नळीत थोड्या जोराने जायला हवी. हातोडा मारावा लागत असेल तर ती मोठी आहे, सरळ घसरत असेल तर लहान. स्टेनलेस स्टीलच्या तारांचा ब्रश नळीत घालू नका.

सॉल्व्हंट दोन लागतात, एक काजळीसाठी आणि एक तांब्यासाठी. हॉप्पेज नंबर ९ हे १९०३ पासून चालत आलेलं नाव, काजळीला चांगलं, तांब्याला संथ. तांब्याची खास सॉल्व्हंटं वेगळी येतात. त्यातली कित्येक अमोनियाची असतात आणि त्यांच्या वासानेच ती ओळखू येतात. तेल पातळ, बंदुकीसाठी बनवलेलं. स्वयंपाकाचं कुठलंही तेल नको, ते सुकून चिकट थर धरतं.

रबरी हातमोजे आणि उघडी खिडकी हेही साहित्यच समजा. काजळीत टोपीतून आलेलं शिसं असतं. काम चालू असताना खाणं-पिणं नाही, आणि नंतर हात साबणाने स्वच्छ धुवायचे. अमोनिया असलेलं काहीही ब्लीचच्या जवळ नेऊ नका. दोन्ही मिसळले की विषारी वायू होतो.

पायरीपायरीने

१. रिकामी करा. मॅगझिन (काडतुसांचा कप्पा) काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा आणि करंगळीनेही चाचपून बघा. काडतुसं त्या खोलीतच ठेवू नका. मग बोल्ट पूर्ण बाहेर काढा. हे प्रत्येक वेळी, रायफल रिकामी आहे अशी खात्री असली तरीही.

२. रायफल आडवी, घट्ट बसवा. तोंडाकडची बाजू किंचित खाली. उतार उलटा राहिला तर द्रव मागे वाहत येतो, चाप चिकट होतो आणि दस्त्याचं लाकूड तेल पिऊन मऊ पडतं. बोअर गाइड बसवा.

३. काजळीचं सॉल्व्हंट लावलेली चिंधी चेंबरच्या बाजूने आत घाला आणि एका दमात तोंडाबाहेर काढा. चिंधी बाहेर आली की ती काढून टाका, मगच गज मागे ओढा. घाणेरडी चिंधी परत आत ओढली तर जे बाहेर काढलं तेच पुन्हा आत नेऊन पसरवतो आपण. अशा दोन-तीन ओल्या चिंध्या घाला आणि पाच-दहा मिनिटं थांबा. ही वाट बघणं नवख्यांना जड जातं, पण इथे काम सॉल्व्हंट करतं, दंड नाही.

४. आता ब्रॉन्झचा ब्रश. सॉल्व्हंट ब्रशवर थेंबाथेंबाने घाला. ब्रश बाटलीत बुडवला तर पहिल्याच दिवशी अख्खी बाटली काळी. ब्रश पूर्ण तोंडाबाहेर जाऊ द्या आणि मगच मागे घ्या. नळीच्या मध्येच दिशा बदलू नका, तारा वाकतात आणि ब्रश अडकतो. दहाएक फेऱ्या पुरतात. तोंडाबाहेर आलेला ब्रश उघडून काढावा आणि गज रिकामा मागे घ्यावा, की ब्रशसकट ओढावा, यावर जाणकारांचं एकमत नाही. मी ज्या रायफलच्या क्राउनची काळजी वाटते तिच्यात उघडून काढतो, बाकी सरळ ओढतो.

५. कोरड्या चिंध्या. पहिली काळी येईल, दुसरी राखाडी, तिसरी-चौथी फिकट. पांढरी शुभ्र यायची वाट बघू नका. नेहमीची सफाई इथेच संपते. तांब्याचा लेप जागेवर आहे, काजळी गेली आहे, ओल गेली आहे. सातव्या पायरीवर उडी मारा.

६. तांबं काढायचं असेल तरच ही पायरी. आधीचं सॉल्व्हंट पूर्ण पुसून घ्या, दोन वेगळी रसायनं नळीत एकत्र होऊ देऊ नका. तांब्याचं सॉल्व्हंट लावलेली चिंधी घाला, हवा असेल तर नायलॉनचा ब्रश फिरवा, आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतकंच थांबा. तीव्र अमोनियाचं असेल तर १५ मिनिटांच्या वर कधीच नाही. ते लावून चहाला गेलात आणि गप्पांत विसरलात तर स्टीलवर डाग पडू शकतात. पुढची चिंधी निळी-हिरवी येते, तो रंग तांब्याचा. रंग फिका पडेपर्यंत तेच पुन्हा करा. इथे एक फसगत ठरलेली: जॅग पितळी असेल किंवा ब्रश ब्रॉन्झचा असेल तर त्यांतलं तांबंही विरघळतं आणि चिंधी निळीच येत राहते. नळी स्वच्छ झालेली असते आणि माणूस रात्री उशिरापर्यंत स्वतःचाच जॅग विरघळवत बसलेला असतो. म्हणून या पायरीला नायलॉन, नाहीतर निकेलचा मुलामा दिलेला जॅग.

७. चेंबर आणि बोल्टची कानं जिथे अडकतात त्या खाचा. चेंबर ब्रशने फिरवून घ्या आणि जॅगला गुंडाळलेल्या चिंधीने पूर्ण कोरडं करा. याकडे दुर्लक्ष होतं आणि ते धोक्याचं आहे. गोळी सुटताना काडतुसाचं पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला धरतं. भिंतीवर तेल असेल तर ती पकड सुटते आणि मागचा सगळा धक्का बोल्टवर येतो.

८. रायफल ठेवायची असेल तर तेलाची एक चिंधी नळीतून, आणि तिच्यामागून एक कोरडी. उरतो तो पुसट थर पुरेसा. बोल्ट पुसा, कानांवर ग्रीसचा ठिपका लावा, बाहेरून तेलकट फडका फिरवा, बोटांचे ठसे राहू देऊ नका. घामातही मीठच असतं.

९. बोल्ट घालण्याआधी नळीतून उजेड बघा. आत चिंधीचा तुकडा राहिला असेल तर तो आत्ता दिसायला हवा.

लिव्हर-ॲक्शन (चापाजवळचा दांडा खाली ओढून काडतूस भरायच्या) आणि बऱ्याच अर्धस्वयंचलित रायफलींमध्ये गज मागून घालता येत नाही. तिथे तोंडाकडून घालावा लागतो, तर तोंडावर बसणारं गाइड लावा, म्हणजे क्राउनला गज लागणार नाही. नाहीतर दोरीचा पुल-थ्रू चेंबरकडून सोडून तोंडाबाहेर ओढा. दोरी सरळ रेषेत ओढायची, कडेला घासत नाही. दोरी विरलेली दिसली की फेकून द्या. ती नळीत तुटली की पुढचा दिवस गेलाच म्हणून समजा.

भिजलेला दिवस

हंगामात बहुतेक सफाई ही अशीच असते, आणि ती दहा मिनिटांची. रायफल रिकामी करून, बोल्ट काढून, कोरड्या चिंध्या नळीतून ओढा, ओल येईनाशी होईपर्यंत. मग तेलाची एक हलकी चिंधी. सॉल्व्हंट नाही, ब्रश नाही. कोरडी चिंधी आणि तेल तांब्याच्या लेपाला हात लावत नाहीत, त्यामुळे झिरो, म्हणजे स्कोपवर जुळवून ठेवलेला नेम, जवळजवळ तिथेच राहतो आणि गंजाचीही काळजी मिटते. सकाळी निघण्याआधी दोन कोरड्या चिंध्या घालून ते तेल काढायचं. ही गोष्ट विसरू नका. नळीत तेल साचलेलं असताना गोळी झाडली तर दाब वाढतो आणि पहिली गोळी भलतीकडे जाते.

थंडीतून उबदार खोलीत आणलेल्या रायफलवर आतून-बाहेरून दव धरतं. ती कोरडी असेल तर बंद पिशवीतच ठेवून हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग काढून पुसा. ओली असेल तर मात्र पिशवीतून लगेच बाहेर. पिशवी वेगळी वाळत घाला. ओल्या पिशवीत रात्रभर ठेवलेल्या रायफलला कुठलंही तेल वाचवत नाही.

तोंडातून पाऊस, चिखल, बर्फ आत जाऊ नये म्हणून तोंडावर पातळ चिकटपट्टीचा तुकडा लावायची पद्धत आहे आणि ती चांगली आहे. गोळीपुढच्या हवेच्या दाबानेच पट्टी उडते. पण पट्टी नसताना तोंड जमिनीत रुतलं, तर रायफल रिकामी करून नळीतून आरपार दिसतं का ते बघितल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. गोळी झाडून अडथळा उडवून द्यायचा विचार मनातही आणू नका. नळी फाटते, आणि ती चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असते.

हंगामाआधी

पूर्ण सफाई केली असेल तर शिकारीआधी निशाणाच्या जागी जायचंच. नळी कोरडी करा, दोन-तीन गोळ्या नुसत्या नळी "बसवण्यासाठी" झाडा, मग झिरो तपासा. जमलं तर नळी पूर्ण थंड होऊ द्या आणि आणखी एकच गोळी मारा. ती जिथे लागली तीच तुमच्या शिकारीची गोळी. त्यानंतर तांबं काढायला हात लावायचा नाही, थेट हंगाम संपेपर्यंत.

काडतुसाचा प्रकार बदलला, विशेषतः कवचाच्या गोळीवरून पूर्ण तांब्याच्या गोळीवर गेलात, तर मधे पूर्ण सफाई करून घेतलेली बरी. काही नळ्यांना एका गोळीच्या लेपावर दुसरी गोळी रुचत नाही आणि नवीन काडतूस विनाकारण बदनाम होतं.

नवी रायफल असेल तर "एक गोळी, एक सफाई" असा नळी रुळवायचा विधी तुम्हाला कुणीतरी सांगेलच. खरबरीत नळीत सुरुवातीच्या काही गोळ्यांनंतर तांबं काढलं तर आतला भाग लवकर गुळगुळीत होतो असा त्यामागचा विचार. उत्तम नळ्या बनवणाऱ्यांमध्येच यावर दोन तट आहेत. माझं मत विचाराल तर कारखान्याचं तेल नीट काढा, पहिल्या वीसेक गोळ्यांत दोन-तीनदा साफ करा आणि विषय सोडा. मात्र ते पहिलं तेल काढणं चुकवू नका. नवीन रायफलच्या नळीत आणि चेंबरमध्ये साठवणीचं घट्ट तेल असतं.

.२२ रिमफायरचा, म्हणजे बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणारं छोटं काडतूस वापरणाऱ्या रायफलचा, हिशेब निराळा. तिची गोळी शिशाची, वर मेणासारखं वंगण, वेग कमी. तांब्याचा प्रश्न बहुतेक येतच नाही, आणि नळी कोरी केली तर वंगणाचा थर पुन्हा बसेपर्यंत बऱ्याच गोळ्या इकडेतिकडे जातात. तिला कधीमधी एक ओली आणि दोन कोरड्या चिंध्या पुरतात. चेंबरपुढचं काजळीचं कडं तेवढं लक्षात ठेवा, काडतूस आत बसायला जड जाऊ लागलं की ते वाढलं आहे असं समजा.

सायलेन्सर वापरत असाल तर गोळी झाडून झाल्यावर तो नळीवर तसाच ठेवू नका. दारू जळताना पाण्याची वाफही होते, ती सायलेन्सरमध्ये अडकते आणि थंड झाली की नळीच्या तोंडापाशी ओल धरते. क्राउनला गंज लागायची ही हमखास वाट. काढून वेगळा वाळवा, आणि नळीतून एक कोरडी चिंधी ओढा.

मोसम संपल्यावर पूर्ण सफाई, तेलाचा थर जरा जास्त, आणि रायफल तोंड खाली करून उभी ठेवा, म्हणजे जादा तेल दस्त्यात न उतरता तोंडाकडे येईल. खाली एक फडका ठेवा. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत साठवू नका, दोन्ही ओल धरतात. कुलूपबंद कपाटात सिलिका जेलची पुडी टाका. दमट हवेच्या महिन्यांत दर तीन-चार आठवड्यांनी एक चिंधी फिरवून तिच्यावर तांबूस रंग येतो का ते बघा. आणि चापाच्या कड्याला एक चिठ्ठी अडकवा: नळीत तेल आहे, शेवटची पूर्ण सफाई या तारखेला, त्यानंतर झाडलेल्या गोळ्या इतक्या.